सावड फिटली

"गेल्या आठवड्यात आपण कामाला गेला होतात का?"

पुण्यात टेबलाशी बसून हा प्रश्न ज्यांनी लिहिला, त्यांना आपण फार सोपं मराठी लिहिलं असं वाटलं असणार. सोपं होतंच. त्यात चूक असू शकेल असा संशयही कुणाला आला नाही. लिहिणारे होते डॉ. पाळंदे, शेतीच्या अर्थशास्त्रातलं बडं नाव. आणि हा प्रश्न घेऊन निफाड तालुक्यातल्या गावोगाव हिंडायचं होतं सगुणा पगारेला. ती नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि पाळंदे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. गाव सायखेडा. वडील कारभारी पगारे ती शाळेत असतानाच गेले होते. घरी आई एकटी.

पाहणी सुरू करण्याआधी प्रश्नावली घरच्याच माणसावर चालवून बघावी म्हणून सगुणाने पहिला बळी आईचा घेतला. पौष महिना होता आणि निफाडकडची थंडी काय असते ते तिकडच्याच माणसाला विचारावं. कुसाबाई दिवसभर ओल्या वाफ्यात वाकून कांद्याचं रोप लावून आली होती. बोटं पांढरीफटक पडली होती. ती चुलीपुढे हात शेकत बसली होती.

"गेल्या आठवड्यात आपण कामाला गेला होतात का?" सगुणाने कागदावरचं वाचलं.

"आपण कोन?" कुसाबाईने मागं वळून पाहिलं.

"तूच गं आई. कामाला गेली होतीस का?"

"नाय."

"नाय कशी? आत्ता तर वावरातून आलीस."

"आता व्हय? आता सावडीला गेल्ते. कामाला कुढं?"

सगुणाने पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. गोदाकाठच्या त्या पट्ट्यात 'कामाला जाणं' म्हणजे रोजाने जाणं, मजुरी घेऊन. मजुरी न घेता एकीने दुसरीच्या वावरात राबायचं आणि मग दुसरीने येऊन ते फेडायचं, ती सावड. आपल्याच वावरात राबलं तर ते घरचं. सावडीला आणि घरच्याला कुणी काम म्हणतच नाही. म्हणजे ज्या बाईला कंबर सरळ करता येत नव्हती, ती छातीठोकपणे सांगत होती की मी काही केलं नाही. ही गोष्ट सगुणाला लहानपणापासून माहीत होती. पण पुण्याच्या कागदावरून प्रश्न वाचेपर्यंत तिच्या डोक्यात ती पेटली नव्हती.

पुण्याच्या पुढच्याच फेरीत तिने सरांना सांगितलं. "सर, प्रश्न बदलायला हवा. आमच्याकडे कामाचा अर्थ मजुरी असा होतो."

सर हसले. त्यांचं हसू मोठं गोड होतं. "प्रश्नावली छापून झाली, पगारेबाई. आणि काम म्हणजे काम. एका सायखेड्यासाठी मराठी भाषा बदलायची की काय?"

मराठी भाषा काही सरांच्या वडिलांनी विकत घेतली नव्हती, पण हे बोलायची सगुणाची तेव्हा छाती नव्हती. तिने आपल्यापुरता उपाय केला. छापील प्रश्न विचारायची, मग कागद बाजूला ठेवून गप्पांत विचारायची, 'आन् सावडीला?' मग बायका बोलायला लागत. ते सगळं तिने आपल्या प्रबंधात घेतलं, त्याचं एक आख्खं प्रकरण झालं. ते प्रकरण तिच्या जिवाचा तुकडा होतं. बाकीची प्रकरणं कुणीही लिहिली असती.

वर्षं गेली. पाहणी झाली, तक्ते झाले. त्या काळात तिने सरांचं काय काय केलं म्हणून सांगावं! त्यांच्या पुस्तकाची मुद्रितं तपासली. त्यांच्या इंग्रजी व्याख्यानांचं मराठी केलं. त्यांचे दुसरे विद्यार्थी नाशिकला आले की त्यांना घेऊन लासलगावच्या बाजारात लिलाव दाखवायला गेली, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय केली. कॉलेजातले सहकारी म्हणत, "कानामागून आली आणि तिखट झाली. पाळंद्यांचा उजवा हात झाली बाई." उजवा हात म्हटलं की मान वाटतो, पण घास तोंडात जातो आणि हात फक्त धुवायचा असतो, एवढं कुणी ध्यानात घेत नाही.

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत सरांचा निबंध तयार झाला. परिसंवाद नाशिकलाच भरणार होता. विलायतेहून डॉ. मार्श नावाचे एक विद्वान येणार होते आणि तिथले निबंध ते आपल्या ग्रंथात छापणार होते. सायक्लोस्टाइलची शाई वाळते न वाळते तोच निबंधाची प्रत सगुणाच्या हातात आली. नाव होतं 'ग्रामीण स्त्रिया आणि ऐच्छिक बेकारी'. त्यात म्हटलं होतं, निफाडकडच्या निम्म्याहून अधिक बायकांनी 'कामाला गेला होतात का' याला 'नाही' म्हटलं, तेव्हा त्यांना काम नकोच आहे, आणि या भागात बायकांसाठी सरकारी कामं काढण्यात अर्थ नाही. ऐच्छिक बेकारी म्हणजे साध्या मराठीत आळस, फक्त कोट-टाय घातलेला. सगुणाचं नाव शेवटच्या पानावर तळटिपेत होतं, 'क्षेत्रीय साहाय्याबद्दल आभार' म्हणून.

तिने वाचलं आणि तिचं डोकं तापलं. आळशी! तिची आई आळशी! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत.

परिसंवादाच्या आदल्या शनिवारी सर नाशिकला विश्रामगृहात उतरले. ती प्रबंध घेऊन गेली. नोंदणीची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय विद्यापीठ प्रबंधाला हात लावणार नव्हतं. सही झाली तर ती डॉ. सगुणा पगारे होणार होती, तिच्या वस्तीतली पहिली. नाही झाली तर सगळ्या वर्षांवर पाणी.

सरांनी प्रबंध चाळला. त्या प्रकरणापाशी थांबले.

"हे काढावं लागेल."

"का, सर?"

"अहो, माझा निबंध म्हणतो या बायका रिकाम्या आहेत, आणि माझ्याच विद्यार्थिनीचा प्रबंध म्हणतो त्या राबताहेत. लोक काय म्हणतील?"

"पण त्या राबताहेतच, सर. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

"सावड ही प्रथा आहे. काम ही संज्ञा आहे. दोन्हींत गल्लत करू नका." सरांनी चष्मा काढून पुसला. आवाज अजूनही गोडच होता. "सोमवारी परिसंवाद होऊ द्या. मंगळवारी हे प्रकरण काढून प्रत घेऊन या, तिथेच सही करतो. आणि पगारेबाई, तुम्हाला नोंदवून घ्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा मी घेतलं, हे विसरला नसालच."

विसरली नव्हती. विसरता येत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. दोघा मोठ्या प्राध्यापकांनी तिचं आडनाव ऐकून 'जागा नाही' म्हटलं होतं आणि या माणसाने नोंदणीच्या कागदावर सही केली होती. तो उपकार खरा होता. म्हणून तर तो टोचत होता.

रविवारी ती एस.टी.ने सायखेड्याला गेली. कुसाबाई नुकतीच पाटलाच्या मळ्यातून आली होती. या मोसमातही तिची बोटं तशीच पांढरीफटक होती. सगुणाने भाकरी केल्या आणि जेवता जेवता सगळं सांगितलं. निबंधात काय लिहिलंय ते ऐकून कुसाबाई आधी खूप हसली.

"रिकामी? मी?" तिने हसता हसता कंबर दाबली. "सांग तुझ्या सराला, येऊन बस म्हनावं माझ्या जागी रिकामा."

मग हसू ओसरलं आणि ती वेगळंच बोलली.

"पन तू काढून टाक ते पान."

"पान नाय गं, प्रकरण आहे."

"काय आसंल ते. काढ. सही घे. मानसानं घेतलं तुला, दुसरं कोन घेत व्हतं? डॉक्टर झाली म्हंजे मंग बोल काय बोलायचं ते. बाबासाहेबांनीबी आधी शिक्षन घेतलं, मंग बोलले."

सगुणाला या बोलण्याचा राग आला आणि त्यात खोट काढता येईना म्हणून आणखी आला. विषय बदलावा म्हणून ती म्हणाली, "तू ज्यांच्याकडे सावडीला जातेस त्या पाटलीणबाई आपल्याकडे कधी आल्या गं फेडायला?"

"आपल्याकडं?" कुसाबाईला प्रश्नच कळला नाही. "आपल्याला वावर कुढंय?"

"तेच विचारते. आपल्याला वावर नाही, तर सावड कसली?"

कुसाबाईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तू नाशकाला कालेजात गेलीस, तवा गोदावरीला पूर व्हता. एश्टी बंद. नाव घालायचा शेवटचा दिस. आठवतंय?"

आठवत होतं. पाटलाची बैलगाडी, तिच्यात सगुणाची पत्र्याची पेटी, चिखलातून ओझरपर्यंतची वाट, आणि तिथे हमरस्त्यावर मिळालेली एस.टी. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा प्रवास होता. वर्गातल्या पोरींनाही तिने कितीदा हौसेने सांगितला होता.

"पाटलाच्या यशोदाबाईंनी गाडी दिली," कुसाबाई म्हणाली. "म्या भाडं इचारलं तर म्हनल्या, भाडं नको, सावडीला येत जा."

"आणि तू गेलीस."

"गेले की. कांद्याच्या दर लागणीला जाते."

"दर लागणीला? आई, मी कॉलेज संपवलं, नोकरीला लागले, आणि तू अजून त्या एका गाडीपायी..."

"मंग?"

"अजून फिटली नाही का ती सावड?"

"त्यांनी फिटली म्हनल्याबिगर कशी फिटंल?" कुसाबाई म्हणाली, आणि तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. तिने पुन्हा जेवायला सुरुवात केली.

सगुणाला मात्र जेवण गेलं नाही. ज्या पेटीचा तिला एवढा अभिमान, ती पेटी आईच्या कमरेवर बसली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. आणि तिच्या स्वतःच्या कमरेवर काय होतं? सरांची ती नोंदणीची सही. तिची फेडही सर फिटली म्हणेपर्यंत फिटणार नव्हती, आणि सर कशाला म्हणतील? आज प्रकरण काढा, उद्या पुस्तक तपासा, परवा पाहुण्यांना लासलगाव दाखवा. तिला रडू आलं, पण ते रागाचं होतं, आणि रागाच्या रडण्याने माणूस हलका होत नाही, ताठ होतो.

सोमवारी सभागृह भरलं होतं. जिल्ह्यातल्या कॉलेजांतले प्राध्यापक, दोन-चार सरकारी अधिकारी, पहिल्या रांगेत मधोमध डॉ. मार्श. उन्हाने लालबुंद झालेला उंच माणूस, मोठा अगत्यशील, चहा आणून देणाऱ्यालाही उठून नमस्कार करणारा. सगुणा मागच्या बाजूला निबंधांच्या प्रती वाटत उभी होती. क्षेत्रीय साहाय्य चालूच होतं म्हणायचं.

सरांनी निबंध वाचला. चांगला वाचला. त्यांचं इंग्रजी सुरेख होतं आणि तक्तेही नीटनेटके. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, कुणा प्रतिनिधीला काही विचारायचं आहे का? एका प्राध्यापकाने निबंधाची स्तुती करून ती प्रश्नासारखी संपवली. आणखी एकाने तेच केलं.

"मला विचारायचं आहे," सगुणा मागून म्हणाली.

अध्यक्षांनी मान उंचावून पाहिलं. "बाई, फक्त प्रतिनिधींनी."

"माझं नाव निबंधात आहे, साहेब. शेवटच्या पानावर, तळटिपेत. तिथूनच बोलते."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष गोंधळले आणि तेवढ्यात ती पुढे चालत आली. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त आता ते चिकटवल्यासारखं दिसत होतं. तिच्या हातात अजून उरलेल्या प्रतींचा गठ्ठा होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत सुरुवात केली.

ती म्हणाली की हा निबंध एका मराठी क्रियापदावर उभा आहे आणि ते क्रियापद चुकलं आहे. कामाला जाणं म्हणजे आमच्याकडे मजुरीला जाणं. मी घरोघर हा प्रश्न विचारला, बायका नाही म्हणाल्या, आणि नाही म्हणताना त्यांच्या हातांना चिखल होता. त्या सावडीला गेल्या होत्या. प्रश्न छापायच्या आधी मी घरी विचारून पाहिला असता तर बरं झालं असतं, पण छापला गेला होता. छापल्यानंतर मी सांगितलं, तर मला सांगण्यात आलं की मराठी भाषा बदलता येणार नाही. मग, मंडळी, या बायका रिकाम्या आहेत की आपला प्रश्न रिकामा आहे?

सभागृहात चुळबुळ झाली. डॉ. मार्श खुर्चीत पुढे सरकले. नाशिकहून लासलगावला जाताना आपल्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका वाकलेल्याच दिसल्या, असं ते आश्चर्याने म्हणाले. तो 'सावड' शब्द पुन्हा एकदा सांगाल का? तिने सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.

आता इथे पाळंदे सरांचं खरं कसब दिसलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता, आडवा आला असता. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतीलच, पण त्यांनी शिंक येऊ दिली नाही. ते शांतपणे उठले.

"मला आनंद आहे," ते म्हणाले, "की माझ्या विद्यार्थिनीने हा मुद्दा मांडला. सावडीवर आमचं काम चालूच आहे. पैशाविना चालणारी ही देवाणघेवाण म्हणजे आपल्या ग्रामसंस्कृतीचा आत्मा. तू मला मदत कर, मी तुला करतो. कुणी मालक नाही, कुणी मजूर नाही. डॉ. मार्श यांच्या ग्रंथासाठी मी याच विषयावर स्वतंत्र निबंध देईन. पगारेबाई त्याला साहाय्य करतीलच."

टाळ्या. डॉ. मार्श यांनीही वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा, तोही फणा काढून डुलणारा! ज्या प्रकरणाला शनिवारी प्रबंधात जागा नव्हती, ते सोमवारी सरांचं झालं होतं. समोरच्या रांगेतले एक ओळखीचे प्राध्यापक तिच्याकडे बघून डोळ्यांनी खुणावत होते, जिंकलीस, आता बस. खरंच बसली असती तर सगळं जमलं असतं. सरांची अब्रू राहिली होती, प्रकरणही कदाचित प्रबंधात राहिलं असतं, मंगळवारी सही झाली असती.

तिला आईची पांढरी बोटं आठवली.

"सर," ती म्हणाली, आणि आता ती मराठीत बोलत होती. "सावडीला एक अट असते. ती फेडावी लागते. मी तुमच्या वावरात आले तर तुम्ही माझ्या वावरात यायचं. ज्याला वावरच नाही त्याच्याकडे कोण येतं फेडायला? मला कॉलेजात यायला एका घरची बैलगाडी मिळाली होती, सर. एक दिवस, एक फेरी. त्याबद्दल माझी आई अजून दर लागणीला त्यांच्या वाफ्यात वाकते आणि तिला सावड म्हणतात. तिने विचारलं नाही किती दिवस, कारण फिटली हे त्यांनी म्हणायचं असतं. तुम्ही म्हणता मालक नाही, मजूर नाही. आहेत, सर. फिटली म्हणण्याचा हक्क ज्याच्याकडे, तो मालक."

सर काहीतरी बोलणार होते, तिने बोलू दिलं नाही.

"तुम्ही मला नोंदवून घेतलंत. कुणी घेत नव्हतं तेव्हा घेतलंत, ते मी विसरणार नाही. त्याची सावड मी केली. तुमची पुस्तकं तपासली, भाषांतरं केली, पाहणी केली, आणि तुम्ही माझ्या वावरात एकदाही आला नाहीत. तुम्ही म्हणायची वाट बघत बसले तर मीही म्हातारी होईन. म्हणून मीच म्हणते. सावड फिटली."

"त्या काय म्हणाल्या?" डॉ. मार्श यांनी शेजारच्यांना विचारलं. शेजारी चहाच्या कपात बघू लागले. अध्यक्ष कागद चाळू लागले. इंग्रजी येणारे इतके प्राध्यापक तिथे बसले होते, पण कुणाच्या तोंडून भाषांतर फुटेना.

मग सगुणानेच केलं. शब्दाला शब्द, काही न गाळता. शेवटी म्हणाली, हा शब्द तुम्ही ग्रंथासाठी लिहून घेतलात, डॉक्टर, खुशाल वापरा. पण तो सावडीने दिलेला आहे, म्हणजे फेडायचा आहे, हे त्याच्यासमोर लिहा. डॉ. मार्श यांचा लाल चेहरा आणखी लाल झाला. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि या वेळी टाळी वाजवली नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात सरांनी तिला गाठलं. आवाजातली साखर संपली होती. "उद्या यायची तसदी घेऊ नका."

"नाही घेत, सर."

"मुदत संपेल. सगळं पाण्यात जाईल. मूर्खपणा केलात."

"केला," ती म्हणाली. सीबीएसच्या एस.टी. स्टँडवर येऊन बाकावर बसल्यावर तिला घाम फुटला, त्या थंडीत. प्रबंधाची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. महिनाअखेर मुदत संपली. कुणी मदतीला आलं नाही, मुदतवाढीच्या अर्जाला विद्यापीठाने एका ओळीत नकार पाठवला.

ती पुन्हा सायखेड्याला गेली तेव्हा लागण संपत आली होती. कुसाबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती.

"झाली सही?"

"नाय."

कुसाबाईने उरलेला पाला टाकला, हात पुसले. मग ती दारातच खाली बसली. "काय बोललीस तू तिथं?"

सगुणाने सांगितलं. पाटलांच्या गाडीचं सांगताना तिची जीभ अडखळली, कारण आईची गोष्ट आईला न विचारता तिने भरल्या सभेत सांगितली होती.

"माझं नाव घेतलं?"

"नाव नाय. माझी आई म्हणाले."

"इंग्रजीतबी?"

"इंग्रजीतही."

"आन् ते सगळे मोठे लोक ऐकत व्हते?"

"ऐकत होते."

कुसाबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. "आता काय करशील?"

"पुन्हा नोंदवीन. दुसरे सर शोधीन."

"आन् नाय भेटले तर?"

"तर बिनसहीचं लिहीन. पण ते प्रकरण काढणार नाय."

तेवढ्यात रस्त्याने यशोदाबाई पाटलीण आली. बाई वाईट नव्हती, दारावरून जाताना कधी हाक मारल्याशिवाय जायची नाही. आजही तिने सगुणाची विचारपूस केली, कशी वाळली गं पोरी म्हणाली. मग कुसाबाईकडे वळली.

"कुसा, नदीकडचे वाफे ऱ्हायलेत बरं का. उद्या पहाटं ये सावडीला."

कुसाबाई उठून उभी राहिली. कमरेवर एक हात ठेवला. सगुणाला वाटलं ती आता 'येते' म्हणणार, कारण आजवर ती दुसरं काही म्हणालीच नव्हती.

"सावडीला नाय येनार, पाटलीनबाई."

"आं? आंग दुखतंय का?"

"आंग रोजच दुखतंय. सावड फिटली. पेटीची गाडी व्हती, पोर शिकली, मास्तरीन झाली, कवाच फिटली." तिचा आवाज हळू होता, पण थांबत नव्हता. "उद्या कामाला बोलवा. कामाला येते. रोज काय द्याल ते आधी बोला."

एवढ्या वर्षांत हे कुणी यशोदाबाईला म्हटलं नव्हतं, त्यामुळे यावर काय म्हणायचं हेही तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. "पोरीनं शिकवलं व्हय?" ती शेवटी म्हणाली. "मालकाला इचारून सांगते." आणि पदर सावरत निघून गेली. विचारून सांगेल की उद्यापासून दारावरून जाणंच सोडेल, काही सांगता येत नव्हतं.

सगुणा पुढे झाली तशी कुसाबाईने तिला हातानेच थांबवलं.

"तुझा तो परश्न काय व्हता गं? पुण्याचा?"

"कोणता?"

"तोच. इचार आता. नीट इचार, कागदावर हाय तसा."

सगुणाला तो पाठ होता. "गेल्या आठवड्यात आपण कामाला गेला होतात का?"

"व्हय," कुसाबाई म्हणाली. "गेल्या आठवड्यात, आन् त्याच्या आधीबी. दर लागणीला गेले. लिव."